पाटे वाढवले, ओझे कुठे गेले?

दिवाळी झाल्यावर माझा पुतण्या एक जुनी पिकअप गाडी घेऊन दारात उभा राहिला. कासेगावच्या बाजूला त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. आजवर त्याचा माल दुसऱ्याच्या गाडीने जायचा, आता स्वतःची गाडी आली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि तो मला म्हणाला, "तात्या, गाडी मागनं जरा बसलीय. दोन्ही बाजूला दोन-दोन पाटे वाढवून घेतो. टायर एक नंबर मोठे टाकतो. मग अडीच टन माल हसत जाईल बघा."

गाडीच्या कागदावर दीड टन लिहिले होते.

मंडळी, मी इतिहासाचा मास्तर. गाडीच्या यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण टेंभुर्णी रोडवर ज्याचे गॅरेज आहे तो मिस्त्री माझ्या हाताखालून गेलेला, म्हणून पुतण्याने मला बरोबर घेतले. गुरुजी असले की मजुरी कमी लागेल, हा त्यातला हिशेब. मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, मागचे चाक काढले आणि मला खाली वाकून बघायला लावले. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, वरची सर्वात लांब आणि खाली उतरत जाणाऱ्या आखूड, मधोमध यू-बोल्टने आवळलेल्या. यालाच आपल्याकडे कमानपाटे म्हणतात. चाक खड्ड्यात गेले की ही कमान दबते, बाहेर आले की उलगडते, आणि धक्क्याचा मोठा भाग वर माणसापर्यंत आणि मालापर्यंत पोचू देत नाही.

"पाटे वाढवायला मला दोन तास लागतील, गुरुजी," मिस्त्री म्हणाला. "पण वाढवायचे कशापायी, ते यांना विचारा. गाडी बसलीय म्हणून, का जास्त भरायचंय म्हणून?"

हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि काही केल्या तो डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न त्या गॅरेजपुरता नाही. आपल्या या भागात चाक सुधारण्याचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि दर वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिलेला दिसतो. गंमत म्हणजे ज्या टेंभुर्णी रोडवर आम्ही उभे होतो, त्याच रस्त्याच्या टोकाला या इतिहासाची सुरुवात आहे.

टेंभुर्णीचा गाडी कारखाना

आपण बोलताना सहज म्हणतो की बैलगाडी काय, पांडवांच्या काळापासून आहे तशीच आहे. ते खरे नाही. लोखंडी धावेची, आऱ्यांच्या उंच चाकांची, एका बैलजोडीने ओढायची हलकी गाडी ही दख्खनच्या शेतकऱ्याकडे एकोणिसाव्या शतकात आली. त्याआधी इथे ज्या गाड्या होत्या त्या बसक्या, ओबडधोबड आणि बोजड होत्या. काहींची चाके चक्क दगडाची असत. अशी गाडी हलवायची तर एक जोडी पुरत नसे, चार-चार, पाच-पाच जोड्या जुंपाव्या लागत. त्यामुळे धान्य बाजारात जायचे ते गाडीतून नव्हे, तर बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे गोण्या लादून कोकणापासून वऱ्हाडापर्यंत फिरत, ते याचसाठी.

१८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या सारा मोजणीचे काम हाती घेतले. आपल्याकडच्या सर्व्हे नंबरांची आणि सारापद्धतीची घडी पुढे याच कामातून बसली. त्याच मंडळींत लेफ्टनंट गेसफर्ड नावाचा एक तरुण अधिकारी होता. शेतकऱ्याच्या घरात धान्य पडून आहे आणि बाजारात नेण्याचे साधन नाही, मग सारा रोखीने भरायचा कुठून, हे या लोकांच्या लक्षात आले. गेसफर्डने एका जोडीने ओढता येईल अशी सुधारलेली गाडी आखली आणि बरीच खटपट करून, बराच खर्च सोसून, टेंभुर्णीला अशा गाड्या बनवण्याचा कारखाना उभा केला. सुरुवातीच्या गाड्यांपैकी पुष्कळशा इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी घेतल्या, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे.

टेंभुर्णीवरून आज पुणे-सोलापूर महामार्ग जातो, आणि त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. तिथे थांबून चहा पिणाऱ्या किती ड्रायव्हरांना ठाऊक असेल की आपल्या धंद्याचा एक मूळपुरुष या गावात गाड्या बनवत होता?

या नव्या गाडीची खुबी चाकात होती. मधे लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. धाव बसवण्याचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते विसरता येणार नाही. लोहार गोवऱ्यांच्या आरात लोखंडी कडे लालभडक करी. तापून ते किंचित वाढे. मग तिघे-चौघे सांडशीने उचलून ते चाकावर ठोकून बसवत आणि वरून घागरीने पाणी ओतत. वाफेचा लोट उठे, लाकूड कुरकुरे, आणि थंड होऊन आकसलेले कडे सगळ्या चाकाला असे आवळून धरी की वर्षानुवर्षे सांधा हलत नसे. एक खिळाही न मारता केलेली ही घट्ट बांधणी होती.

या गाडीने शेतकऱ्याचे भले केले यात शंका नाही. धान्य बाजाराला जाऊ लागले, चार पैसे हातात आले. पण चाक सुधारले म्हणजे ओझे नाहीसे झाले का? ते फक्त दुसरीकडे गेले. लोखंडी धाव दोन-अडीच बोटे रुंद. सगळ्या गाडीचा भार त्या अरुंद पट्टीवरून जमिनीत उतरायचा. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी मऊ होते. तिच्यात धाव सुरीसारखी कापत जायची, आणि एकामागून एक गाड्या त्याच चिरेतून गेल्या की दोन खोल चर पडायचे. हीच चाकोरी. एकदा गाडी चाकोरीत पडली की बाहेर काढणे कठीण. "चाकोरीबाहेर" हा शब्द आपण आज विचारांबद्दल वापरतो, पण तो आला आहे चिखलात रुतलेल्या चाकातून.

पाच टनांचे शहाणपण

ओझे जमिनीत एका जागी न उतरवता वाटून कसे द्यायचे, याचा एक उत्तम धडा याच भागात गिरवला गेला. तो रुळांवर होता. जुन्या पंढरपूरकरांच्या जिव्हाळ्याची बार्शी लाइट, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी रेल्वे आखली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. त्याआधी मुंबई-पुण्याकडून येणारा वारकरी बार्शी रोडला उतरून पुढचे सुमारे ५० किलोमीटर गाडीने, टांग्याने किंवा पायी यायचा.

अरुंद रुळांची रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे, असा तेव्हा समज होता. हलके रूळ टाकले की जड माल नेता येत नाही, आणि जड माल न्यायचा तर महागडे रूळ आणि भक्कम पूल हवेत. कॅलथ्रॉपने या कोड्याची फोड वेगळी केली. त्याचे म्हणणे असे की रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने नाही, तर एका आसावर येणाऱ्या वजनाने. म्हणून त्याने एक मर्यादा घालून घेतली: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मग इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा. जास्त वजन न्यायचे असेल तर आस वाढवा, चाके वाढवा, भार सगळ्यांत सारखा वाटा. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही मोठे डबे धावू लागले, आणि कॅलथ्रॉपची ही पद्धत जगभरच्या छोट्या रेल्वेंसाठी नमुना ठरली. उतारवयात त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्रीवरही काम केले. माणूस वजनाच्या मागेच लागलेला होता म्हणायचे.

ही गाडी मी लहानपणी पाहिली आहे. आषाढीला तिच्या टपावरसुद्धा माणसे बसलेली असायची, आणि तेव्हा त्या पाच टनांच्या हिशेबाचे काय होत असेल ते पांडुरंगालाच ठाऊक. कंपनीकडची ही रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली, आणि २००० नंतरच्या दशकभरात अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले. पण तिचा धडा साधा आणि पक्का आहे. वाहन किती वजन नेते हे त्याच्या सर्वात मजबूत भागावर ठरत नाही. एका चाकाखाली, एका आसाखाली काय येते त्यावर ठरते.

आजोबांची टायरगाडी

रस्त्यावर मात्र लोखंडी धावेचेच राज्य होते. मोटारी आल्या तसा हा प्रश्न चिघळला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीतून १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली. खडीच्या रस्त्याची बैलगाडीच्या धावेने होणारी झीज ही त्या काळच्या इंजिनिअरांची मोठी डोकेदुखी होती.

त्यावर उतारा होता रबराच्या हवेच्या टायरचा. हवेच्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच पेटंट केली होती, पण ती विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधून काढली. हा डनलॉप धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता, हे लक्षात ठेवा. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला, आणि मोटारींबरोबर बैलगाड्यांसाठीही टायर विकायला सुरुवात केली. काही भागांत अशा गाडीला डनलॉप गाडीच म्हणतात. आपल्याकडे ती टायरगाडी.

या टायरची करामत समजून घ्यायला साधा भागाकार पुरतो. चाकावर जेवढे वजन, त्याला आतल्या हवेच्या दाबाने भागले की टायरचा साधारण तेवढा भाग जमिनीला टेकतो. लोखंडी धाव बोटभर जागेवर टेकते, हवेचा टायर तळहातांएवढ्या जागेवर. त्यामुळे चाकोरी पडत नाही, रस्ता वाचतो. शिवाय आसाला बेअरिंग आले, वंगणाचा नळा गेला, आणि त्याच बैलांना तेवढेच वजन ओढायला पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी जोर लागू लागला.

आमच्या आजोबांनी १९६५ च्या आसपास गाडीला टायर बसवले. गावात ती दुसरी की तिसरी टायरगाडी. मी सात-आठ वर्षांचा असेन. जोडी खिलारी, पांढरीशुभ्र. पहिल्या दिवशी रिकामी गाडी पळवली तेव्हा आवाजच येईना, म्हणून आम्ही पोरे मागे पळत "गाडी उडाली, गाडी उडाली" असे ओरडत होतो.

पहिल्या सुगीला आजोबांनी नेहमीचीच पोती भरली. बैल इतके हलके चालले की दुसऱ्या खेपेला चार पोती जास्त पडली. मग आणखी चार. लाकडी गाडीत ज्याची कल्पना करता आली नसती एवढी ज्वारी त्या टायरगाडीवर रचलेली मी पाहिली आहे. सपाट रस्त्यावर बैलांना काहीच वाटत नव्हते. पण नदीकडे उतरणारा एक लहानसा उतार आमच्या वाटेत होता. लोखंडी धावेची गाडी उतारावर खडखडत, स्वतःच अडखळत उतरायची. टायरगाडी अडखळत नाही. आणि बैलगाडीला ब्रेक नसतो. मागचे सगळे ओझे जुवावरून बैलांच्या मानेवर आले. उजव्या अंगाच्या बैलाचे पाय घसरले, तो गुडघ्यावर पडला आणि गाडी त्याच्या अंगावर गेली. बैल जगला, पण पुन्हा जुवाखाली आला नाही.

आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. गोठ्यात बसून होते. आई सांगायची, ते एकदाच बोलले: "टायरं आली तवा वाटलं, बैलास्नी सुख लागंल. त्येंचं सुख आपुनच गाडीत भरलं."

इतिहासाची पुष्कळ पुस्तके मी नंतर वाचली, शिकवलीही. पण वाहनांच्या इतिहासाचे सार याहून थोडक्यात मला कुठे सापडले नाही.

पुढे १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले. भीमेच्या काठाने ऊस आला, कारखाने आले, आणि टायरगाडी घराघरांतून निघून उसाच्या फडात गेली. बीडकडून येणारे ऊसतोड मजूर आजही अशा गाड्या ओढणाऱ्या जोड्या घेऊन येतात. लाकडी गाडीत टनभर ऊस म्हणजे फार झाले. टायरगाडीवर दोन-अडीच टन सहज रचला जातो. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी कितीतरी वर्षे बैलगाडी सुधारण्याचा प्रश्न लावून धरला होता: जू नीट करा, मानेवरचा भार कमी करा, ब्रेक द्या. टायर सगळ्यांनी लगेच उचलले, कारण टायरने जास्त माल जातो. ब्रेक आणि नरम जू फारसे कुणी उचलले नाही, कारण त्याने फक्त बैलाला बरे वाटते.

टेम्पोपासून पिकअपपर्यंत

आता कमानपाट्यांकडे येऊ. गाडीला पाटे लावण्याची युक्ती घोड्याच्या बग्गीतून आली. इंग्लंडच्या ओबडाया इलियटने १८०४ मध्ये कमानीच्या पाट्यांवर बग्गी बसवण्याचे पेटंट घेतले. त्यामागचा हेतू एकच होता, आत बसलेल्या माणसाला धक्के बसू नयेत. माल भरण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मोटारी निघाल्या तेव्हा त्यांनी बग्गीचे पाटे जसेच्या तसे उचलले, आणि मालवाहू गाड्यांनी ते आजवर सोडले नाहीत. कारण ते स्वस्त, टिकाऊ आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारे.

आपल्याकडे लहान मालवाहू गाडीला सरसकट टेम्पो म्हणतात. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका गाडीचे. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनीने तिची तीनचाकी भारतात बनवायला घेतली, आणि मग गाडी कुणाचीही असो, मराठी माणसाने तिला टेम्पोच म्हटले. त्यानंतर मॅटाडोर आली. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. जीपच्या सांगाड्यावरून निघालेल्या महिंद्रांच्या पिकअप आल्या. २००५ मध्ये टाटा एस आली, जिला लोकांनी लगेच छोटा हत्ती म्हटले. या गाड्यांनी शेतकऱ्याला पुन्हा एकदा ते दिले जे गेसफर्डच्या गाडीने दिले होते: स्वतःचा माल, स्वतःच्या वेळेला, स्वतः निवडलेल्या बाजारात. सांगोल्याचे डाळिंब, कासेगावची द्राक्षे, पंढरपूरच्या बाजारातला बेदाणा यांच्यामागे या लहान गाड्यांची धाव आहे. आषाढीच्या वाटेवरही प्रत्येक दिंडीमागे तंबू, भांडी आणि वळकट्या घेऊन एखादा ट्रक किंवा टेम्पो असतोच.

आणि पुन्हा एकदा जास्तीचे ओझे भरायला सुरुवात झाली. या वेळी नाव आले "पाटे वाढवणे".

मिस्त्रीने मला जे समजावले ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. पाटा वाढवला की कमान ताठ होते. पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर ताठरपणा साधारण एक-पंचमांशाने वाढतो. पण जाडी वाढवली तर हिशेब झपाट्याने बदलतो. पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. अशी ताठ गाडी अडीच टन भरल्यावर बसत नाही, सरळ उभी राहते. इथेच फसगत आहे. बसलेली गाडी म्हणजे आजारी माणसाचा ताप. पाटे वाढवले की ताप दिसेनासा होतो, आजार तसाच राहतो. आस तोच, बेअरिंग तेच, चेसिस तीच आणि ब्रेकही तेच. दीड टनासाठी बनवलेल्या ब्रेकला आता अडीच टन थांबवायचे असतात. मागे भार वाढला की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हातात सैल लागते. आणि हीच गाडी रिकामी परत येताना इतकी उडते की शॉकअप आणि बुश लवकर जातात.

टायरचेही तसेच. टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे कुणी वाचत नाही, पण त्यात तो किती वजन पेलतो आणि किती हवेवर पेलतो ते लिहिलेले असते. एक नंबर मोठा टायर टाकला तर गाडी उंच होते, चाकाचा घेर वाढतो, मग त्याच ब्रेकची पकड कमी पडते आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. मोठ्या टायरपेक्षा योग्य वजनाचा रेडियल टायर केव्हाही बरा. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या या टायरची बाजू लवचीक असते, जमिनीला टेकणारा पट्टा सपाट राहतो. जुन्या नायलॉन टायरपेक्षा तो कमी तापतो. हवा कमी आणि वजन जास्त असले की टायर तापतो, आणि उन्हाळ्यात तापलेला टायर कसा फुटतो ते महामार्गाच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे सांगतात.

आणि रस्ता? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवरून दिवसरात्र ट्रक फिरवले गेले. त्या प्रयोगातून निघालेला नियम आज जगभरचे इंजिनिअर वापरतात. आसावरचे ओझे दुप्पट झाले की रस्त्याची झीज दुपटीने नाही, सुमारे सोळापट होते. दीडपट ओझ्याने ती सुमारे पाचपट होते. म्हणजे माझ्या पुतण्याने एका खेपेत वाचवलेले डिझेल आपण सगळे मिळून रस्त्याच्या डागडुजीत भरतो. त्यात खड्डा पडला की त्याचेच पाटे तुटतात, आणि मग तो आणखी जाड पाटे शोधतो. चाकोरी म्हणतात ती हीच.

सरकारचा कायदाही गेसफर्ड, कॅलथ्रॉप यांच्याच वाटेने आला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा झाला. ट्रकांच्या आसावरचे मान्य वजन २०१८ मध्ये सरकारने स्वतःच वाढवले, एका आसावर चार टायर असतील तर १०.२ टनांवरून ११.५ टन. पण ते कागदावर आसाच्या हिशेबाने वाढवले. गॅरेजमध्ये पाटे घालून ते वाढत नाही.

शेवटी काय झाले

हे सगळे मी पुतण्याला एका बैठकीत सांगितले असे नाही. तरण्या शेतकऱ्याला इतिहास ऐकायला वेळ नसतो, आणि त्याचे म्हणणेही अगदी चूक नव्हते. तो म्हणाला, "तात्या, दीड टन नेला तर एक खेप वाढते. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता. द्राक्षाला भाव मिळाला तर ठीक, नाहीतर ती खेप कुणाच्या खिशातनं?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. ओझे वाढवणारा माणूस बहुतेक वेळा हावरट नसतो, अडलेला असतो. आजोबाही हावरट नव्हते. घरात दोन लग्ने व्हायची होती.

उत्तर दिले ते मिस्त्रीने, आणि तेही द्राक्षाच्या भाषेत. "ताठ पाट्यावर द्राक्ष नेलं तर मणीगळ किती होईल ते आधी धरा," तो म्हणाला. "भरलेली असली तरी गाडी आपटत जाणार. क्रेटच्या तळाचा माल रस सोडणार. व्यापारी वरचं बघून भाव करत नाही, क्रेट उलटा करून बघतो."

पुतण्या गप्प झाला. मग त्याने वहीत आकडे मांडले. एका बाजूला जादा खेपेचे डिझेल आणि टोल. दुसऱ्या बाजूला मणीगळीने उतरणारा भाव, दंड, लवकर झिजणारे टायर, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडण्याची भीती. दोन्ही बाजू फार लांब नव्हत्या, पण वजन कुणीकडे झुकते ते दिसत होते.

मग काम झाले ते असे. बसलेले जुने पाटे उतरवले. दोन पाट्यांना बारीक चिरा गेलेल्या निघाल्या, गाडी बसली होती ती त्यामुळे. कंपनीच्या मापाचा पूर्ण नवा संच घातला, एकही पाटा जास्त नाही. शॉकअप चारही नवे, बुश नवे, ब्रेकचे लायनर नवे. टायर त्याच मापाचे, पण रेडियल आणि पिकअपच्या वजनाचे. मिस्त्रीने हवेचा दाब एका कागदावर लिहून तो दाराच्या आत चिकटवला, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला यायला बजावले. नवे पाटे बसताना ते किंचित सैल होतात म्हणे.

खर्च पाटे वाढवण्याच्या कितीतरी पट झाला. गाडी मात्र पहिल्यांदा सरळ उभी राहिली, आणि रिकामी असतानाही आपटत नव्हती.

जानेवारीत पहिला माल निघाला, दीड टनाच्या आत. मी पहाटे त्याच्याबरोबर तोडणीला गेलो होतो. क्रेट रचून झाल्यावर मागे आठ-दहा क्रेटची जागा रिकामी राहिली. पुतण्याने तिकडे एकदा बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि फळका लावला. ती रिकामी जागा त्याला किती टोचली असेल ते मला कळत होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आजोबांनी तेवढी जागा रिकामी ठेवली असती, तर आमचा तो खिलारी बैल आणखी आठ-दहा सुग्या चालला असता.

आळंदी आणि देहूहून पंढरपूरला येणाऱ्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये पंढरपुरात झाले. पुतण्या म्हणतो, येत्या आषाढीला तंबू आणि वळकट्या न्यायला गाडी गावच्या दिंडीबरोबर पाठवायची. मी म्हटले, पाठव. फक्त वारकऱ्यांना एक सांग, पाय दुखले तरी वर सामानावर बसायचे नाही. वळकटी एकाची हलकी असते, पण दीडशे वळकट्यांचे वजन पाट्यांना बरोबर कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)